टगवाले भावजी

त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि आमचा दोर तोडला.

आम्ही नऊ बायका ट्रॉलीत होतो. सोयाबीन काढून घरी निघालो होतो. ट्रॅक्टर नदीच्या फरशी पुलावर मधोमध बंद पडला होता आणि पाणी ट्रॉलीच्या फळीला लागलं होतं. काठावरून आलेला एकच दोर आमच्या ट्रॅक्टरला पुढून बांधला होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मुलाचा, दत्ताचा ट्रॅक्टर होता, आणि चार माणसांनी तो दोर कमरेला गुंडाळून धरला होता. माझी सून मंगल माझ्याजवळ उभी होती. दोर ताठ झाला. आता ओढतील आणि आपण निघू, एवढंच सगळ्यांच्या मनात.

तेवढ्यात आमच्या शेजारचे भावजी काठावर पळत आले. दत्ताला काही बोलले नाहीत, आम्हाला काही बोलले नाहीत. दोरावर कुऱ्हाड घातली. एक घाव, दुसरा घाव. दोर तुटून पाण्यात पडला.

माझ्या पुढे सरूबाई होती, ती हळूच म्हणाली, "सोडलं की आपल्याला."

हे चार वर्षांपूर्वीचं. भावजी आता नाहीत. गावात त्यांच्याबद्दल दोन प्रकारे बोलतात आणि दोन्हीकडचे लोक मला विचारतात, कारण भिंतीला भिंत लागून मी त्यांच्या शेजारी राहिले. म्हणून मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते.

नात्याने ते आमचे कोणी नव्हते. माझ्या मालकांपेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणून मी भावजी म्हणायची, ते मला वैनी म्हणायचे. आमचं गाव निलंग्याकडचं. इथल्या माणसाला समुद्र बघायचा तर एक रात्र आणि अर्धा दिवस गाडीत बसावं लागतं. अशा गावातला हा माणूस अठराव्या वर्षी हैदराबादला मामाकडे इंजिनं दुरुस्त करायला गेला, तिथून विशाखापट्टणमच्या बंदरात गेला, आणि तिथे टगवर चढला तो तेहतीस वर्षांनी उतरला. टग म्हणजे दुसऱ्या जहाजांना ओढून नेणारं जहाज. बंदरात फिरतात त्या लहान. यांची मोठी, खोल समुद्रात महिना महिना जाणारी. पहिली दहा वर्षं त्यांनी वर दोरावर काम केलं, नंतर खाली इंजिनात. बायको आधीच वारली होती, मुलगी नांदेडला दिलेली. टग मोडीत निघाली तेव्हा हे गावी आले आणि एकटे राहू लागले.

आले तेव्हा पारावर लोकांनी विचारलं, "जहाजात माल काय न्यायचे?"

"काहीच न्हाई," ते म्हणाले. "मालाला जागाच न्हाई त्यात."

तेहतीस वर्षं रिकामं जहाज फिरवलं म्हणून लोक पुष्कळ दिवस हसले.

त्यांचं घर बघून तर आणखी हसले. उंबरा गुडघ्याएवढा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अडखळून पडले. म्हटलं, "हे काय बांधलंय?" तर म्हणे, पाणी आत येत नाही. आमची आळी उंचावर, भूकंपानंतरच्या नव्या गावठाणात, तिथे पाणी येतं फक्त नळाला, तेही चार दिवसांनी. भिंतीतल्या फळ्यांना पुढून पट्ट्या ठोकलेल्या, डबे खाली पडू नयेत म्हणून. कप आकड्याला टांगलेले. खाट जमिनीला खिळे ठोकून पक्की केलेली. लोकांना वाटलं, भूकंपाला भिऊन केलंय. त्यात हसण्यासारखं काही नाही, आमच्याकडे भिंत जरा हलली की म्हातारी माणसं अजून अंगणात येतात. पण हे त्या वेळी इथे नव्हतेच. त्यांची भीती वेगळी होती.

दाराच्या दोन्ही बाजूंना दोन रांजण. पाणी प्यायचे तर एक पेला या रांजणातला, पुढचा त्या रांजणातला. मी एकदा एकाच रांजणातून घागर भरून घेतली तर ते बेजार झाले. लगेच दुसऱ्यातून पाणी काढून काढून दोन्ही सारखे केले.

मी म्हटलं, "भावजी, घर काय कलंडायलंय का?"

"सवय हाय वैनी. डिझेल जळत जाईल तशी टग हलकी होती. एका अंगानं जास्ती जळालं की कलती. मग तितकं समुद्राचं पाणी टाकीत भरून घ्यायचं. रोज मोजायचं. एक दिवस चुकलं तर…"

वाक्य तिथेच सोडायचे. त्यांची बरीच वाक्यं अशी अर्ध्यात थांबायची.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चालताना मागे बघायची. वीस पावलं चालले की वळून बघणार. परत वीस पावलं, परत वळणार. बायकांनी माझ्याकडे तक्रार केली, की हा माणूस आमच्याकडे बघतो. मी त्यांना तोंडावर विचारलं. ते इतके शरमले की दोन दिवस घराबाहेर निघाले नाहीत. मग सांगितलं, की टगवाल्याला पुढे बघायचं काम कमी असतं. पुढे नुसतं पाणी असतं. आपण ओढतोय ते मागे आहे का, सरळ येतंय का, कलंडलं का, ते बघायचं. एसटीत सुद्धा शेवटच्या बाकावर बसायचे, मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघत. नांदेडला मुलीकडे जाऊन आले की आठ दिवस मान धरलेली असायची आणि मी तेल गरम करून द्यायची.

सरूबाई त्यांना सोडायची नाही. सरूबाई माझ्या बरोबरीची, तीस वर्षं आम्ही एका ओळीत खुरपलं. तोंडाने फटकळ, हाताने चलाख. ते वळून बघताना दिसले की म्हणायची, "काय ओ जहाजवाले, मागं काय इसरलाव?"

"काही न्हाई. हाय का बगतो."

"काय हाय का?"

"मागचं."

"मागचं तुमचं जळून गेलंय की वो कवाच," ती म्हणायची, आणि ते पण हसायचे.

टग कशी असते ते मला त्यांनी एकदाच नीट सांगितलं. मी भाकरी करत होते. ते चुलीपुढे पाटावर बसले होते.

"काठवट द्या जरा."

"पीठ हाय त्यात."

"पिठासकट द्या."

काठवटीचं एक टोक त्यांनी लाकडाच्या ढलपीवर टेकवलं आणि ते उंच झालं. "हे नाक. उंच पायजे, लाट फोडायला. हे मागचं. हे पाण्याला टेकल्यालं."

"मग मागून पाणी आत येत न्हाई का?"

"येतंय की. येऊ द्यायचं. दोन्ही अंगानं भोकं हायती, निघून जातंय. मागं उंच केलं तर दोर अडकंल. दोराला या काठापासून त्या काठापस्तोर फिरायला मोकळं रान पायजे. तिथं एक खुंटी सुदिक ठेवत न्हाईत."

"आन मानसं?"

"मानसं मधी. मानसांच्या खाली इंजिनं. दोन. तुमच्या या सैपाकघरात एक मावायचं न्हाई. बाकी समदं डिझेल. बाहिरून बगितलं तर लहानगं दिसतंय, पर पाण्याखाली लई खोल हाय. पंखा एकेक दोन पुरुष उंच." मग त्यांनी माझं उलथणं घेतलं आणि काठवटीच्या मधोमध पिठात उभं रोवलं. "आन हा आकडा. दोर अडकवायचा. मागच्या टोकाला न्हाई, ध्यानात ठेवा. मधोमध. टोकाला बांधला तर टगला वळताच येत न्हाई. दोर जिकडं ओढंल तिकडंच जायचं मग."

"मधोमध बांधला की झालं तर."

"न्हाई. मधी बांधला तर दुसरं भ्या." त्यांनी उलथणं हळूहळू आडवं दाबलं. काठवट कलली आणि थोडं पीठ सांडलं. "मागचं जहाज बाजूला गेलं, दोर आडवा आला, की टग अशी पडती. पापणी लवायच्या आत. म्हणून आकड्याला खटका असतोय. वरून ओढला की दोर सुटतो. आन खटका अडकला तर म्हणून दोराजवळ कुऱ्हाड. जो जवळ आसंल त्यानं तोडायचा. इचारायचं न्हाई कुणाला. कॅप्टनला सुदिक न्हाई. खाली इंजिनात मानसं असत्यात, त्यांना काहीच दिसत न्हाई. पायाखालची जिमीन तिरपी झाली एवढंच कळतंय."

"तुमची झाली कधी?"

"तीनदा." ते उलथण्याकडे बघत होते. "तीनदा वरच्यानं तोडला."

"भाकरी करपली," मी म्हटलं.

"करपू द्या."

"तुम्हाला काय जातंय करपू द्या म्हणायला."

करपलेली भाकरी त्यांनाच वाढली. त्यांनी खाल्ली.

त्यांच्या टगच्या मागे बहुतेक वेळा मेलेलं जहाज असायचं. मेलेलं हा त्यांचाच शब्द. म्हातारी झालेली मोठाली जहाजं, इंजिन बंद, दिवा नाही, आत एक माणूस नाही. ती मोडायच्या किनाऱ्याला न्यायची. मधे किलोमीटरभर लांब लोखंडी दोर, मनगटाएवढा जाड. तो कधी ताठ ठेवायचा नाही. मधे झोळ पाहिजे, पाण्यात बुडालेला. लाट आली की झोळ ताणतो, गेली की परत पडतो. ताठ दोर तुटतो आणि तुटलेल्या दोराच्या वाटेत उभा असलेला माणूस उरत नाही. चाल सायकलपेक्षा हळू. असं महिना महिना.

"वादळ आलं की कसं?" मी विचारलं होतं.

"वादळात ओढायचं न्हाई. तोंड वाऱ्याकडं करायचं आन नुसतं धरून ऱ्हायचं. इंजिन चालू, जागा तीच. दोन दिवस, चार दिवस. बगणाऱ्याला वाटंल, ही मानसं काहीच करंनात."

शेवटी त्यांची टगच म्हातारी झाली. तिला ओढायला दुसरी टग लागली नाही, ती आपल्या इंजिनावर त्याच किनाऱ्याला गेली. भरतीच्या वेळी वेगात घेतात आणि चिखलात चढवतात. इंजिन कोणी बंद केलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मीच." मग काय झालं, तर म्हणाले, "काय होणार? शिडी लावली, उतरलो. गुडघाभर चिखल होता."

तिच्यावरचे तीन जिन्नस त्यांनी मागून घेतले. नायलॉनच्या जाड दोराचं एक वेटोळं, फेकायची बारीक दोरी, आणि कुऱ्हाड. ते वेटोळं लातूरहून टेम्पोत आलं. दोनशे हात लांब, माझ्या मनगटापेक्षा जाड. उतरवायला सहा माणसं लागली. लोक म्हणाले, पोळ्याला हत्ती धरणार का काय. त्यांनी ते ओसरीत ठेवलं आणि त्यावर कुणाला बसू दिलं नाही. कुऱ्हाड दाराजवळ भिंतीला. धार दर अमावास्येला.

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. मशीनमध्ये गेली असतील असं आम्ही धरून चाललो होतो. एका पोळ्याला कळलं. आमच्याकडे बैल धरताना कासरा हाताला गुंडाळून घेतात. लहानपणापासून तसंच शिकवतात, बैल उधळला तर सुटू नये म्हणून. हे मिरवणुकीत शिरले आणि एकेकाच्या हातावरचा कासरा सोडवायला लागले. हलगी वाजत होती, बैल बिथरलेले, आणि हे प्रत्येकाच्या मनगटाशी झटतायत. बळीराम म्हणून आमच्या आळीतला आहे, ट्रॅक्टर चालवतो, तो चिडला.

"अहो काका, सोडा. बैल पळंल माझा."

"पळू दे. बैल जाईल. हात ऱ्हाईल."

"तुमचं जहाज असंल तसलं. माझा बैल हाय."

तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. "मी बी कुणब्याचाच हाय बाबा. पहिल्या साली दोर हातात आला, गुंडाळला. बापानं शिकवलं तसं." सगळ्यांनी तो हात बघितला. मग बळीरामने कासरा परत गुंडाळला. बाकीच्यांनी पण. सवय अशी एका दिवसात जात नाही.

त्यांच्या जवळ राहणं सुखाचं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगते. त्यांच्या काळजीची लागण व्हायची. पिठाच्या गिरणीवर गेले की मोटारीवर पालथा हात ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बेरिंग चाललं." चार दिवसांनी बेरिंग जायचं. गिरणीवाला म्हणायचा, यांनीच नजर लावली. माझ्या बोअरच्या मोटारीचा आवाज बदलला की भिंतीपलीकडून हाक यायची, "वैनी, बंद करा." मीही मग आवाज ऐकायला लागले. आधी मोटार चालू करून मी बिनघोर झोपायची, नंतर कान तिकडेच. एकदा म्हटलं, "भावजी, तुमच्यापायी मला झोप न्हाई." ते म्हणाले, "झोपा तुम्ही. मी हाय जागा." चार तास झोपायचे, आठ तास जागे, परत चार तास झोपायचे. टगवरची पाळी.

आता त्या दिवसाचं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आम्ही नदीपलीकडच्या शिवारात होतो. आमच्याकडे पाऊस थोडाच झाला, पण वर कुठेतरी जोरात झाला असावा. चारच्या सुमाराला परत निघालो तेव्हा पुलावरून वीतभर पाणी जात होतं. वीतभर पाण्यातून सगळेच जातात, आम्हीही शंभर वेळा गेलो होतो. बळीरामने ट्रॅक्टर घातला. मधे पोचेपर्यंत पाणी चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत आलं, इंजिनात गेलं आणि इंजिन बंद झालं. काठ चाळीस पावलांवर. माणसं दिसत होती, त्यांची तोंडं ओळखू येत होती.

दत्ताने ट्रॅक्टर आणला. दोन दोर एकमेकांना बांधून, कमरेएवढ्या पाण्यात येऊन त्याचं टोक त्यानेच बळीरामकडे फेकलं. दोर जेमतेम पुरला. पूल संपला की आमचा रस्ता लगेच वळतो, म्हणून दत्ताचा ट्रॅक्टर दोराला आडवा उभा राहिला, चिखलाच्या भरावावर. चौघांनी दोर कमरेला गुंडाळला आणि ओढायला लागले. तेवढ्यात पाण्याने आमची ट्रॉली बाजूला सरकवली. झोळ नव्हताच, दोर एकदम ताठला आणि दत्ताचा ट्रॅक्टर कलला. एका बाजूचं मोठं चाक जमिनीवरून उचललं. हे मी नंतर ऐकलं. ट्रॉलीतून आम्हाला फक्त दोर दिसत होता. दत्ता उडी मारू शकत नव्हता, ट्रॅक्टर ज्या बाजूला पडणार त्याच बाजूला पाणी होतं. गुंडाळलेल्या चौघांना सोडवायला वेळ नव्हता. त्या चौघांनी कमरेचे वेढे काढायचा प्रयत्न केला, पण ताठ दोराचा वेढा निघत नाही.

भावजींनी तोडला तो दोर हा होता. दत्ताचं चाक खाली बसलं. चौघं चिखलात उताणे पडले. आमची ट्रॉली करकरत हातभर सरकली आणि पुलाच्या कडेच्या दगडी खुंट्यांना लागून थांबली.

हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही जे बघितलं ते एवढंच, की काठावर आमचा एकच आधार होता आणि शेजारच्या माणसाने तो कुऱ्हाडीने तोडला. तोडल्यावर ते आमच्याकडे पाठ करून दत्ताच्या ट्रॅक्टरची चाकं बघत होते.

सरूबाईने पदर खोचला.

"सरू, बस खाली," मी म्हटलं.

"बसून काय करू? सोडलं त्यांनी आपल्याला. मला माझ्या पायानं जाऊ दे."

"त्यांचं काहीतरी असंल."

"काय असंल? बगितलं न्हाईस तू?"

मी पण तेच बघितलं होतं. ती फळीवरून उतरली. पाणी तिच्या छातीला लागलं. दगडी खुंटे धरत चालली. तीन खुंटे तिने धरले, मी मोजले. चौथा धरताना दिसली नाही. आवाज आला नाही. मंगलने माझ्या खांद्यात तोंड घातलं.

काठावरची माणसं ओरडली तेव्हा भावजी वळले. पाण्याकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे, आणि बोट दाखवून आम्हाला मोजलं. मग ओरडले. तेव्हा ओरडले. "कुणी उतरू नका. मी हाय. दोर बदलायलोय."

सहा माणसांनी त्यांच्या ओसरीतलं वेटोळं आणलं. भावजींनी दत्ताला ट्रॅक्टर बाजूला न्यायला सांगितलं. पाणी येत होतं त्या बाजूला काठावर चिंचेचं झाड आहे, तिथे गेले. बारीक दोरीच्या टोकाला मुठीएवढी गाठ होती, आत शिसं. दोनदा फेकली, पाण्यात पडली. तिसऱ्यांदा बळीरामच्या बॉनेटवर आली. बळीरामने बारीक दोरी ओढून जाड दोर घेतला आणि पुढच्या दांड्यात अडकवला. हातावर गुंडाळू नको म्हणून ते काठावरून तीन वेळा ओरडले. त्याने गुंडाळला नाही. दुसरं टोक त्यांनी चिंचेला तीन वेढे देऊन स्वतः धरलं, मोकळं, नुसतं दोन हातांत.

आणि मग कोणी काही केलं नाही.

आम्हाला वाटलं, आता ओढतील. कोणी ओढेना. दोर पाण्यात झोळ घालून पडला होता. ते झाडाच्या बुंध्याला पाय लावून बसले होते, डावा तळवा दोरावर ठेवून. ट्रॉली जरा हलली की थोडा दोर सोडायचे, स्थिरावली की परत आवळायचे. दत्ता त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला. नंतर कळलं, तो म्हणाला होता, "काका, ओढू की आता." ते म्हणाले, "ओढायचं न्हाई. धरून ठेवायचं. पाणी उतरंल."

"आन चढलं तर?"

"तर बी धरून ठेवायचं."

पाणी आधी चढलं. फळीवरून आत आलं, पायाला लागलं, पोटऱ्यांना लागलं. आम्ही आठजणी एकमेकींचे पदर एकमेकींना बांधून उभ्या होतो. देवाचं नाव दोघी घेत होत्या. मी घेत नव्हते, मी चौथ्या खुंट्याकडे बघत होते. मग तो खुंटा पाण्यात गेला. मग पुष्कळ वेळाने त्याचं डोकं दिसलं. उजेड होता तोवरच पाणी फळीखाली गेलं आणि दिवे लागायच्या वेळेला आम्ही दोराला धरून एकेक करून चालत काठावर आलो. त्यांनी दोर सोडला तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात सोललेले होते. शेवटच्या बाईचा पाय काठाला लागेपर्यंत सोडला नव्हता.

सरूबाई तिसऱ्या दिवशी खालच्या गावच्या बंधाऱ्यावर सापडली.

दहाव्याला तिचे मालक सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "तुम्ही दोर तोडला म्हणून ती उतरली."

ते म्हणाले, "हाव."

लोकांनी त्यांची बाजू सांगायला सुरुवात केली, दत्ता कसा वाचला, चौघं कसे वाचले. ते उठून गेले.

पुढे महिन्याभराने मी भाकरी द्यायला गेले. त्यांनी ताट घेतलं नाही.

"वैनी, एक शब्द ओरडायला पायजे होता. 'थांबा' म्हणून. तेहतीस वर्षं मागं मानूस नसायचं. मागच्याला सांगायची सवयच न्हाई."

मी म्हटलं, "सांगत बसला असता तर माझा दत्ता गेला असता."

"सांगत बसायचं कुठं म्हणतो? एक शब्द. कुऱ्हाड चालवताना तोंड मोकळं असतंय, वैनी."

ते खरं होतं. ताट उंबऱ्यावर ठेवून आले. माझा मुलगा त्यांच्यामुळे आहे आणि माझी मैत्रीण त्यांच्यामुळे नाही. लोक मला विचारतात तेव्हा मी दोन्ही सांगते. एकच ऐकायचं असेल त्याने दुसऱ्या कोणाला विचारावं.

त्यानंतर दोन वर्षांनी ते नांदेडला मुलीच्या घरी वारले, झोपेत.

ट्रॉलीत होतो त्यातल्या आम्ही आठ बायका वाचलो. बळीराम वाचला. काठावर दत्ता वाचला आणि दोर गुंडाळलेले चौघंही वाचले. सरूबाई वाचली नाही.